लाखीच्या पागेतील पाण्याचा हौद: प्रकल्प नोंदी

12 ऑक्टोबर 2024, दसरा

पागेत आपोआप भरणारा पाण्याचा हौद बांधण्याचे काम आजपासून हाती घेत आहे. आतापर्यंत आमच्या घोडीला, लाखीला, पाणी देणे हे पूर्णपणे तिची देखभाल करणारे मोतद्दार बापू यांचे काम होते. सकाळी खरारा झाल्यावर अर्धी बादली, संध्याकाळी चंदी, म्हणजे दाणा, खाऊन झाल्यावर अर्धी, आणि उन्हाचे दिवस असतील तर दुपारी आणखी पाव, असा त्यांचा नेम आहे. बादली 15 लिटरची असल्यामुळे हिशेब 15 ते 19 लिटरांच्या दरम्यान जातो. बापूंनी सत्तरी ओलांडली आहे, विहिरीपासून पागा साठ-सत्तर पावलांवर आहे आणि त्यांच्या उजव्या गुडघ्याने गेल्या पावसाळ्यापासून दगा दिला आहे. मोतद्दार बदलण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा बादली बदलणे भाग आहे.

सकाळी पूजा झाली. गळ्यात घातलेली झेंडूची माळ लाखीने आरती संपायच्या आत निम्मी खाल्ली.

14 ऑक्टोबर

हौदाचे आकारमान ठरवण्यासाठी रोजच्या पाण्याचा अंदाज हवा, आणि त्यासाठी घोडीचे वजन हवे. घोड्याला काट्यावर चढवणे आमच्याकडे शक्य नाही, म्हणून टेपने मापे घेतली. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर 148 सेंटीमीटर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी 146 सेंटीमीटर भरली. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880 या सूत्राने वजन 269 किलो येते. भीमथडी बांध्याच्या घोडीला हे साजेसे आहे. सहा वर्षांपूर्वी फलटणकडच्या एका मेंढपाळ कुटुंबाकडून तिला घेतले तेव्हा लोकांनी तिला तट्टू म्हणून नाक मुरडले होते. अलीकडे भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली, तेव्हापासून तेच लोक तिच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतात.

कोरड्या वैरणीवरच्या, फारसे काम नसलेल्या घोड्याला 100 किलो वजनामागे दिवसाला साधारण 5 ते 7 लिटर पाणी लागते. म्हणजे लाखीसाठी 13 ते 19 लिटर. बापूंची बादली आणि सूत्र यांचे उत्तर एकच आल्याचे मी त्यांना सांगितले, परंतु त्यांना त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही.

24 ऑक्टोबर

हौद बांधून झाला. आतून 2 फूट लांब, दीड फूट रुंद आणि 1 फूट खोल, म्हणजे काठोकाठ 85 लिटर. आतल्या कडा गोल घोटून घेतल्या आहेत. घोडीच्या तोंडाचा धक्का लागू नये म्हणून बॉलकॉक, म्हणजे हौद भरला की पाणी आपोआप बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी, वेगळ्या कप्प्यात, जाळीखाली बसवला आहे. जास्तीचे पाणी पागेत सांडून खुरांखाली चिखल होऊ नये यासाठी काठाच्या दोन बोटे खाली एक नळी काढून ती भिंतीतून मागच्या अळवाच्या वाफ्यात सोडली आहे. ही कल्पना माझी, आणि मला ती फार आवडली आहे.

सिमेंटचा उग्रपणा जाण्यासाठी हौद दहा दिवस भरून, उपसून ठेवायचा आहे.

3 नोव्हेंबर

आज अर्धा इंची पाण्याचा मीटर बसवला. याची गरज काय, असे घरातून विचारणे झाले. तीस वर्षे पाटबंधारे खात्यात धोम धरणाच्या डाव्या कालव्यावर पाणी मोजण्यात गेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नये.

बादलीने तपासणी केली. दहा बादल्या, म्हणजे 150 लिटर पाण्याला मीटरने 148 दाखवले. एवढी चूक चालण्यासारखी आहे. हौद भरल्यानंतरचे वाचन 236. यापुढे रोज सकाळी 7 वाजता वाचन घेऊन वहीत उतरवायचे. बापूंची बादली आजपासून खुंटीला टांगली.

17 नोव्हेंबर

वाचन 474. चौदा दिवसांत 238 लिटर, रोजचे सरासरी 17. घोडी हौदाला रुळली आहे. काम समाधानकारक.

1 डिसेंबर

वाचन 719. रोजची सरासरी साडेसतरा. पहाटे चांगलीच थंडी पडू लागली असून जनावरे या दिवसांत पाणी कमी पितात असा सर्वत्र अनुभव असताना आपल्या हौदावर पाण्याचा वापर किंचित वाढला आहे. पाणी सतत समोर असण्याचा हा फायदा असावा.

ऊसतोडी सुरू झाल्यामुळे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, स्वस्त मिळत आहेत. हिरवे गवत संपत आल्याने या आठवड्यापासून कडबा आणि वाढे चालू केले. बापूंचे म्हणणे असे, की बदल पंधरा दिवस हळूहळू करावा. आम्ही तो पाच-सहा दिवसांत केला.

बापू असेही म्हणाले, "तोंड लावतीया, पीत न्हाई." मी त्यांना मीटर दाखवला.

11 डिसेंबर

वाचन 899, सरासरी 18. बापूंच्या मते लीद कोरडी पडते आहे, गोळे बारीक आणि घट्ट आहेत, आणि एरवी दिवसात दहा-बारा वेळा पडणारी लीद सात-आठवर आली आहे. वाढ्यांमुळे असेल, असे मी म्हणालो. पाणी तर पुरेसे जात आहे. तरीही चंदीत मूठभर मीठ घालायला सांगितले आहे.

मागचे अळू यंदा फार छान आले आहे. दोनदा वड्या झाल्या.

21 डिसेंबर

वाचन 1077. मागच्या दहा दिवसांची सरासरी 17.8.

पुढचे सर्व रात्री उशिरा, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर उतरवलेल्या वेळांवरून लिहीत आहे.

दुपारी 4.30. बापूंनी हाक मारली. लाखीने तोबऱ्याला तोंड लावले नव्हते. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहत होती, बसत होती आणि लगेच उठत होती. सकाळपासून लीद पडली नव्हती.

5.10. जबड्याच्या कडेवरील धमनीवर बोट ठेवून नाडी मोजली: मिनिटाला 52. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत 28 ते 44 असते. ताप नाही, 37.9 अंश. हिरडी फिकट, बोटाने दाबून सोडल्यावर रंग परतायला 2 सेकंदांहून थोडे अधिक लागले. उजव्या कुशीला कान लावला. तेथे एरवी दूरवर गाडी चालल्यासारखा आवाज येत असतो. आज काहीच नव्हते. डॉक्टरांना फोन केला. त्या दुसऱ्या गावी गाय विण्याच्या कामात अडकल्या होत्या.

बापूंनी हिंग आणि ओवा पाण्यात कालवून नाळक्यात, म्हणजे औषध पाजायच्या नळीत, भरला होता. डॉक्टरांनी फोनवरच तोंडावाटे काहीही पाजू नका असे बजावले. घोड्याला उलटी करता येत नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप आत गेलेले परत येऊ देत नाही, आणि आतडे पुढे बंद असेल तर वरून ओतलेले प्रत्येक भांडे जठरावरचा ताण वाढवते. बापूंनी नाळके भिंतीशी टेकवून ठेवले. ते आत्ताही तेथेच आहे.

6.40. डॉक्टर आल्या. वेदनाशामक इंजेक्शन दिले, नाकावाटे नळी घालून जठर रिकामे केले, आणि एवढ्या लहान अंगाच्या घोडीची जितकी करता येते तितकी आतून तपासणी केली. वायूने फुगलेले मोठे आतडे हाताला लागले, असे त्या म्हणाल्या. लाखी शांत झाली. तिने माझ्या सदऱ्याची बाही हुंगली. मला वाटले, टळले.

7.30. इंजेक्शनचा अंमल उतरण्याच्या किती तरी आधी वेदना परत आल्या. डॉक्टर घड्याळाकडे पाहून काही बोलल्या नाहीत, तेव्हा ते लक्षण चांगले नाही हे मला कळले. नाडी 68.

9.00. नाडी 84. पोट दोन्ही बाजूंनी ढोलासारखे ताणलेले. अंगाला थंड घाम. डॉक्टरांनी सरळ शब्दांत सांगितले, की आतडे वळले असावे आणि तसे असेल तर औषधाने ते सुटणार नाही. पोट उघडून करायची शस्त्रक्रिया पुण्याला, सुमारे 90 किलोमीटरवर. शेजाऱ्यांचा पिकअप दारात येऊन उभा राहिला. भाताच्या पेंढ्याने गाडीचा हौदा भरला. खंबाटकीच्या बोगद्यातून कितीही वेगाने गेलो तरी अडीच तास, आणि त्यात ती सारखी खाली कोसळत होती. उभे राहू न शकणाऱ्या जनावराला गाडीत बांधून नेणे म्हणजे काय, हे बापूंनी मला सांगितले. डॉक्टरांनी ते खोडून काढले नाही.

तरीही पाऊण तास मी निर्णय घेतला नाही. पिकअपच्या चालकाने दोनदा इंजिन चालू केले आणि दोनदा बंद केले.

11.20. नाडी 100 च्या वर, मोजता येईना. हिरड्या जांभळट काळ्या. धडपड एकाएकी थांबली होती आणि ती मान खाली घालून अगदी शांत उभी होती. मी डॉक्टरांकडे आशेने पाहिले. त्या म्हणाल्या, "बरं वाटतंय म्हणून नाही, काका. आतडं मेलं की दुखायचं थांबतं."

12.05. बापूंनी कपाळावरची आयाळ बाजूला केली आणि तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. डॉक्टरांनी भूल देऊन तिला सोडवले.

22 डिसेंबर

सकाळी 7 वाजता पाय सवयीने मीटरकडे गेले. वाचन 1086. म्हणजे कालच्या दिवसात 9 लिटर. शेवटच्या दिवशी दुखू लागण्यापूर्वी तिने अर्धी बादलीहून थोडे अधिक पाणी प्यायले होते, एवढे तरी समाधान.

डॉक्टर नऊ वाजता पुन्हा आल्या आणि पुरण्यापूर्वी शवविच्छेदन केले. मी तेथे थांबावे की नाही असे त्यांनी विचारले, मी थांबलो. मोठे आतडे मुळाशी पूर्ण पीळ खाऊन वळलेले, भिंती काळ्या-जांभळ्या. घोड्याचे हे आतडे पोटात बहुतेक ठिकाणी मोकळेच असते, कशाला घट्ट बांधलेले नसते, म्हणून ते फुगले की सरकू शकते, असे त्यांनी सांगितले. ओटीपोटापाशी जेथे ते उलटे वळते आणि अरुंद होते, तेथे कडब्याचा कोरडा, घट्ट गोळा होता. डॉक्टरांनी तो मोजपट्टी शेजारी ठेवून टिपला.

जेसीबीने ओढ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीपासून दूर, 8 फूट खड्डा काढला. वर-खाली चुना घातला. मुरूम लागल्यामुळे वेळ गेला. गावातले पंधरा-वीस लोक आले होते. कोणी तरी म्हणाले, "जनावरच होतं शेवटी." ते सांत्वनासाठी बोलले, हे मला ठाऊक आहे.

पुतणीची मुलगी दर शनिवारी लाखीला खरारा करायला येते. काल ती दुपारी तीनला येऊन गेली होती. तिला आज सांगितले. तिने विचारले, "खरारा जोरात झाला का माझ्याकडून?" तिला नीट समजावून सांगण्यात संध्याकाळ गेली.

26 डिसेंबर

चार दिवस पागेत गेलो नाही. संध्याकाळी बापूंनी नेहमीप्रमाणे हरभरे भिजत घातले असल्याचे सकाळी लक्षात येते आणि ते शेजारच्या बैलांना जातात. याविषयी आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही.

आज हौदाची तोटी बंद करण्यासाठी गेलो. वाचन 1122.

हा आकडा मी तीन वेळा पाहिला. 22 तारखेच्या सकाळपासून 26 तारखेच्या सकाळपर्यंत चार दिवसांत 36 लिटर, रोजचे 9. पागेत घोडी नाही, कुत्रे-मांजर त्या हौदाकडे फिरकत नाही, हौद काठोकाठ भरलेला आहे आणि मीटरची लहान तांबडी चकती डोळ्याला जेमतेम कळेल इतक्या मंदपणे फिरते आहे.

बॉलकॉक उघडला. रबरी वॉशरवर वाळूचा एक कण रुतून त्याने खाच पाडली होती. त्यातून पाणी झिरपत होते, हौदाची पातळी नळीपर्यंत चढवत होते आणि भिंतीतून मागे अळवात जात होते. पागेत थेंब सांडला नाही, कारण तो सांडू नये अशीच व्यवस्था मी केली होती.

हौदाच्या पाण्याचा पृष्ठभाग 3 चौरस फूट आहे; या दिवसांत बाष्पीभवन फार तर 1 लिटर धरावे. उरलेले 8 लिटर ही गळती. अर्धी बादली.

कालव्यावर असताना आम्ही याला वहनव्यय म्हणत असू. मुखाशी सोडलेले पाणी आणि शेतात पोहोचलेले पाणी यांतला फरक. पाणी वरून किती सुटले हे सांगून ते पिकाला मिळाले असे मानणाऱ्या कनिष्ठांना मी भर बैठकीत फैलावर घेतले आहे.

मोबाइलमधील छायाचित्रे काढून पाहिली. 17 नोव्हेंबरच्या छायाचित्रात मागे अळवाच्या वाफ्याची कड कोरडी, भेगाळलेली दिसते. 30 नोव्हेंबरच्या छायाचित्रात तीच कड काळी, ओली आहे आणि पाने हाताएवढी झाली आहेत. म्हणजे गळती या दोन तारखांच्या मध्ये केव्हा तरी सुरू झाली. ती पहिल्यापासून 8 लिटरांचीच असेल असे नाही, परंतु डिसेंबरात मी वहीत 18 लिहीत होतो तेव्हा लाखी 9 किंवा 10 लिटर पीत होती. पाणी वाढले नव्हते. निम्म्यावर आले होते.

आणि 21 तारखेला ती पाणी प्यायलीच नव्हती. ते 9 लिटरही अळवाचे.

28 डिसेंबर

डॉक्टरांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी सगळी पाने वाचली. त्यांचे मत त्यांच्याच शब्दांत उतरवतो, कारण मला हवे असलेले उत्तर ते नाही. "पाणी कमी, वैरण कोरडी, बदल घाईने झालेला, यातून आतडं तुंबतं, हे खरं. तुंबलेल्या जागी गोळाही सापडला. पण आतड्याला पीळ का पडला, हे मी छातीठोकपणे लिहून देणार नाही. बादलीने पाणी पिणाऱ्या, हिरवं खाणाऱ्या घोड्यांनाही पडतो." मी विचारले, 11 तारखेला बोलावले असते तर? त्या म्हणाल्या, "तर मी तुंबल्यावरचे उपचार केले असते."

यापुढचे वाक्य त्यांनी जोडले नाही आणि मीही विचारले नाही.

परत आल्यावर बापूंना गळतीचे सांगितले. मला वाटले होते, ते म्हणतील की मी सांगत होतो. त्यांनी वॉशर हातात घेतला, खाचेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाले, "म्या तरी बादली कशाला टांगली? आन् तुमी म्हनला म्हून लीद मोजायची सोडली." म्हणजे 11 तारखेनंतर मोजणेच बंद होते. हे मला आज कळले. मी त्यांना मीटर दाखवला तेव्हा त्यांच्या हाती असलेले एक माप मी मोडीत काढत होतो, याची मला कल्पना नव्हती.

31 डिसेंबर

दहावा दिवस. जनावराचे असे काही करायचे नसते, असे घरात सांगितले गेले. बापूंनी ऐकून घेतले आणि तिन्हीसांजेच्या आधी खड्ड्यापाशी पळसाच्या पानावर भिजवलेले हरभरे ठेवून आले. कावळा आला नाही. साळुंक्यांनी खाल्ले.

12 जानेवारी 2025

शेजारच्या गावातील एका गृहस्थांनी त्यांच्या दोन घोड्यांसाठी हौदाचा आराखडा मागितला आहे. देऊ नये असे मनात आले होते. दोन दिवस विचार करून सुधारित आराखडा काढला, तो असा. जास्तीच्या पाण्याची नळी भिंतीआड न नेता पुढच्या बाजूला, उंबऱ्याशेजारी, उघड्या दगडी पन्हळीवर सोडायची, म्हणजे थेंब पडला तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. बॉलकॉकच्या आधी गाळणी बसवायची. आठवड्यातून एक रात्र हौदापुढे फळी लावून घोड्यांना पाणी बादलीने द्यायचे आणि संध्याकाळचे व सकाळचे वाचन ताडून पाहायचे. दोन्ही आकडे सारखे आले नाहीत तर मीटरवर विश्वास ठेवायचा नाही. आराखड्याच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात लिदीसाठी सात दिवसांचा तक्ता आखला आहे आणि तो मोतद्दाराने भरायचा, मालकाने नव्हे, असे लिहिले आहे. तो तक्ता कसा असावा हे बापूंना विचारून ठरवले. रेघा मी मारल्या.

आमचा हौद उपसून पालथ्या पाटीने झाकला. मीटर काढला, शेवटचे वाचन 1123. बादली खुंटीवरून खाली आली आहे, कारण तोटी बंद केल्यापासून मागच्या अळवाने माना टाकल्या आहेत. आज संध्याकाळी बापूंनी त्याला अर्धी बादली पाणी घातले.